खांब आणि भिंत : तुर्भ्याच्या फाटकापासून दिल्ली दरवाजापर्यंत

१/
तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीत जुन्या कारखान्यांच्या कुंपणाकडेने चालत गेले, तर एक खूण वारंवार दिसते. फाटकाचे लोखंड अजून धड असते, भिंतही उभी असते. पण दोन्हींचा जिथे सांधा आहे, तिथे खांबावर वरपासून खालपर्यंत एक उभी भेग गेलेली असते. भेगेतून तांबूस ओघळ उतरलेले असतात. कुठे गिलावा सुटलेला, कुठे बिजागरीसकट विटेचा तुकडा बाहेर आलेला. हा सांधा का फुटतो? प्रश्न साधा आहे. पण उत्तर शोधताना शनिवारवाडा, दिल्लीचा लोहस्तंभ आणि अथेन्सचे पार्थेनॉन अशी वाट धरावी लागते. आजचा थ्रेड लोखंड आणि दगड यांच्या या अवघड सोयरिकीवर.

२/
विषय क्षुल्लक वाटेल. तो तसा नाही. फाटक अंगावर कोसळून पहारेकरी किंवा खेळणारी लहान मुले दगावल्याच्या बातम्या आपल्याकडे अधूनमधून येतात. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी लोखंड तुटलेले नसते. लोखंडाला धरून ठेवणारी भिंत सुटलेली असते. दुसरी बाजू इतिहासाची. गडकोटांच्या संवर्धनाच्या उत्साहात आज अनेक ठिकाणी शेकडो वर्षांच्या दगडात नवे लोखंड सिमेंटने बसवले जाते. तो दगड पुढच्या पिढीला अखंड मिळणार की चिरफळलेला, हे याच सांध्यावर ठरते.

३/
आधी स्थळ समजून घेऊ. तुर्भ्याच्या पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला पारसिकच्या डोंगररांगा. खाडीकाठी आगरी-कोळ्यांची गावे, भातखाचरे आणि मिठागरे. डोंगराच्या अंगाला काळ्या पाषाणाच्या खाणी. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे एमआयडीसीची, स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांची रांग उभी राहिली. सिडको १७ मार्च १९७० रोजी अस्तित्वात आली. पुढे मुंबईचे घाऊक बाजारही टप्प्याटप्प्याने इकडे आले. म्हणजे दोन-तीन दशकांत या चिंचोळ्या पट्ट्यात हजारो भिंती उभ्या राहिल्या, आणि प्रत्येक भिंतीला एक तरी फाटक लागले.

४/
जिथे मीठ पिकते, तिथल्या हवेत मीठ असणारच. त्यात जून ते सप्टेंबर धो धो पाऊस. लोखंडाला याहून वाईट सासर मिळणे कठीण. परंतु केवळ खाऱ्या हवेला दोष देऊन चालणार नाही. फाटकाच्या सांध्यावर दोन वेगवेगळे शत्रू चालून येतात : पहिला भार, दुसरा गंज. भार पहिल्या दिवसापासून काम करतो आणि दिसतो. गंज दहा-वीस वर्षे आत दडून काम करतो आणि एकदम दिसतो. जुन्या कारागिरांनी या दोघांशी कशी झुंज दिली, ते क्रमाने पाहू.

५/
प्रथम भार. एका झडपेचे वजन २०० किलो आणि रुंदी ३ मीटर धरा. वजन झडपेच्या मध्यावर, म्हणजे खांबापासून दीड मीटरवर एकवटलेले आहे असे समजू. ही झडप खाली तर दाबतेच. पण त्याचबरोबर वरच्या बिजागरीला खांबापासून बाहेर ओढते आणि खालच्या बिजागरीला खांबात रेटते. दोन बिजागऱ्यांत दीड मीटर अंतर असेल, तर वरच्या बिजागरीवरची आडवी ओढ भरते सुमारे २०० किलो. म्हणजे झडपेच्या वजनाइतकीच. हेच अंतर पाऊण मीटर ठेवले, तर ओढ दुप्पट होते, ४०० किलो. एखादे पोर फाटकाच्या टोकाला लोंबकळले, की त्यात आणखी भर पडते.

६/
आता विटांची भिंत आठवा. विटेवर कितीही ओझे ठेवा, ती सहन करते. पण वीट ओढली, की ती लगेच हार मानते. दगडी बांधकामाची गतही तीच : दाब सोसण्यात पटाईत, ताण सोसण्यात दुबळे. म्हणून बिजागरीची आडवी ओढ म्हणजे भिंतीच्या नेमक्या दुखऱ्या जागेवर ठेवलेले बोट. रुंद, बुटके आणि वजनदार फाटक हे या दृष्टीने सर्वांत वाईट. आणि ट्रकची ये-जा असलेल्या कारखान्याला नेमके तसेच फाटक लागते. मग आपल्या पूर्वजांनी याहून कितीतरी जड दरवाजे शतकानुशतके कसे टांगले?

७/
उत्तर असे, की त्यांनी ते टांगलेच नाहीत. गडाच्या किंवा वाड्याच्या जुन्या दरवाजाजवळ बसून पाहा. झडपेच्या एका उभ्या कडेला खाली आणि वर गोल खुंट काढलेला असतो. या खुंटाला कुसू म्हणत. खालचा कुसू उंबऱ्याच्या दगडात कोरलेल्या खळग्यात बसतो, वरचा कुसू वरच्या दगडाच्या किंवा तुळईच्या भोकात फिरतो. दरवाजा भिंतीला लटकत नाही. तो जमिनीवर उभा असतो. त्याचे सारे ओझे उंबऱ्याच्या दगडावर आणि तिथून पायात उतरते. दगडाला जे उत्तम जमते, तेवढेच काम दगडाला दिलेले आहे.

८/
पण आडवी ओढ मग गेली कुठे? ती उरतेच, पण फार कमी होते. पुण्याच्या शनिवारवाड्याचे काम १० जानेवारी १७३० रोजी सुरू झाले आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. त्याच्या दिल्ली दरवाजाचे माप सुमारे २१ फूट उंच आणि १४ फूट रुंद. म्हणजे एक झडप साधारण ७ फूट रुंद. कुसू अगदी तळाला आणि अगदी माथ्याला असल्याने दोन आधारांतले अंतर जवळपास २१ फूट. हिशेब करा : वरची आडवी ओढ झडपेच्या वजनाच्या फक्त एक षष्ठांश. आपल्या तुर्भ्याच्या कल्पित फाटकात ती वजनाइतकी होती. उंची हा केवळ थाट नव्हता. त्या उंचीने सांध्याचे ओझे हलके केले होते.

९/
शत्रूने हत्तीची धडक दिली तर? तिथे दुसरी योजना. दार लावल्यावर मागून आडवा घालायचा जाड लाकडी अडसर. तो दोन्ही बाजूंच्या भिंतींत कोरलेल्या खोल खोबणींत जातो. दार उघडे असताना संपूर्ण अडसर एकाच बाजूच्या लांब खोबणीत सरकवून ठेवता येतो. गडावर देवड्यांच्या अलीकडे भिंतीत हातभर खोल चौकोनी भोक दिसले, तर ती बहुधा हीच खोबण. धडक बसली की अडसर भिंतीच्या दगडावर रेलतो. पुन्हा दाबच, ओढ नाही. दिल्ली दरवाजावरचे लांब अणकुचीदार सुळे हत्तीला दूर ठेवण्यासाठी. आणि रोजच्या ये-जा करणाऱ्यांसाठी झडपेतच एक छोटी दिंडी, म्हणजे थोरला दरवाजा वारंवार फिरवायलाच नको.

१०/
या रचनेत लोखंड होते, भरपूर होते : पट्ट्या, सुळे, मोठ्या माथ्यांचे खिळे, कड्या, साखळ्या, कोयंडे. पण त्यातले बहुतेक लाकडात होते. दाराचा मुख्य भार भिंतीत रोवलेल्या लोखंडावर टाकलेला नव्हता. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी शनिवारवाड्याला आग लागली आणि आतल्या लाकडी इमारती खाक झाल्या. तरी तटबंदी आणि दिल्ली दरवाजा आजही पाहायला मिळतात. लोहाराने लाकूड सांभाळायचे, सुताराने कुसू घडवायचा, पाथरवटाने खळगा कोरायचा. प्रत्येकाने दुसऱ्याच्या मालाची मर्यादा ओळखली होती.

११/
आता चुन्याकडे वळू. जुन्या बांधकामातला चुना बैलाच्या घाणीत दिवसचे दिवस मळला जाई. कोकणात शिंपले भाजूनही चुना करीत. त्यात विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, आणि ठिकठिकाणच्या रीतीप्रमाणे गूळ, हिरडा, बेलफळ असे जिन्नस मिसळत. हा चुना सिमेंटाहून नरम असतो. आपल्याला तो दोष वाटतो. पण इमारतीच्या दृष्टीने तो गुण आहे. भिंत किंचित हलली, दगड तापून फुगला, तर आधी चुना थोडा दबतो आणि दगड वाचतो. सांधा दगडापेक्षा मऊ हवा, हे सूत्र लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट याच सूत्राभोवती फिरते.

१२/
पण कधी कधी लोखंड दगडात घालण्यावाचून गत्यंतर नसते : कडी, आकडा, कठड्याचा गज, बिजागरीचा खुंट. यासाठी जगभर वापरला गेलेला उपाय म्हणजे शिसे. रीत अशी : पाथरवट टाकीने दगडात भोक पाडतो, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद. लोखंडाचे टोक चिरून माशाच्या शेपटीसारखे फाकवतात, म्हणजे ते परत बाहेर येऊ नये. भोक पूर्ण कोरडे करतात. कारण आत पाण्याचा थेंब राहिला, तर त्याची वाफ होऊन तप्त शिसे उसळून अंगावर येते. भोक उभ्या भिंतीत असेल, तर तोंडाशी चिकणमातीची पाळ करतात. मग वितळलेले शिसे ओततात.

१३/
शिसेच का? ते ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे साध्या शेगडीवर. लोखंडाला वितळायला १५०० अंशांच्या वर जावे लागते. ओतलेले शिसे बारीक फटीतही शिरते. मात्र थिजताना ते थोडे आकसते, म्हणून ओतणे पुरेसे नसते. थंड झाल्यावर बोथट छिन्नीने ठोकून ते कडेपर्यंत दाबावे लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे : ते मऊ असते. लोखंड उन्हात वाढले, धक्का बसला, थोडे गंजून फुगले, तर शिसे दबते. दगडाला तो ताण पोचत नाही. चुन्याचे जे सूत्र, तेच शिशाचे.

१४/
या रीतीचे भारतातले ठळक उदाहरण दिल्लीचा लोहस्तंभ. गुप्तकाळातला, ७ मीटरहून उंच, ६ टनांहून जड. मेहरौलीच्या कुतुब परिसरात तो ज्या दगडी फरशीत उभा आहे, तिथे त्याचा तळ लोखंडी गजांच्या जाळीवर टेकलेला असून ते गज शिशाने दगडात बसवलेले होते. स्तंभ गंजत नाही, अशी त्याची ख्याती. पण जमिनीखालच्या भागावर गंजाचे खड्डे पडलेले होते! १९६१ मध्ये पुरातत्त्व खात्याने तो बाहेर काढून पुन्हा बसवला, तेव्हा गाडलेल्या भागाभोवती शिशाचा पत्रा गुंडाळला. उघड्या हवेत वाळणारे लोखंड तगते, ओल धरून बसलेले लोखंड झिजते. एकाच खांबाच्या दोन भागांनी दिलेली ही साक्ष आहे.

१५/
महाराष्ट्रात शिसे म्हटले की सिंधुदुर्ग आठवतो. मालवणजवळच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवछत्रपतींनी या जलदुर्गाची पायाभरणी केली. पायाचे चिरे बसवताना शिसे ओतल्याची परंपरा बखरीच्या आधारे सांगितली जाते. इथे शिसे लोखंडासाठी नसून चिऱ्यांच्या बैठकीसाठी होते, हा फरक ध्यानात घ्यावा. तरी कल्पना तीच : जिथे खारे पाणी आणि लाटांचा मारा चुना टिकू देणार नाही, तिथे न गंजणारी, लवचीक धातू सांध्यात घालायची.

१६/
आता थोडे दूर, अथेन्सला. पार्थेनॉनचे बांधकाम इसवी सनपूर्व ४४७ मध्ये सुरू झाले. त्याच्या संगमरवरी चिऱ्यांत चुना नाही. शेजारचे चिरे एकमेकांना बांधण्यासाठी लोखंडी पकडी बसवल्या आणि त्यांभोवती शिसे ओतले. शिशाने पाणी बाहेर ठेवले आणि भूकंपाचे धक्के सोसले. सुमारे अडीच हजार वर्षांनीही त्यांतल्या अनेक पकडी जवळपास जशाच्या तशा सापडल्या. प्राचीन कारागिराला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. पण उघड्या लोखंडाला दगडाच्या मिठीत कधी सोडू नये, हे त्याला पक्के ठाऊक होते.

१७/
विसाव्या शतकाच्या आरंभी निकोलाओस बालानोस या अभियंत्याने पार्थेनॉनची डागडुजी केली. हेतू चांगला, कष्ट अपार. पण नव्या लोखंडी पकडी आणि गज त्याने शिशाच्या आवरणाशिवाय, सिमेंटच्या भरवशावर बसवले. काही दशकांत ते लोखंड गंजले, फुगले आणि ज्या संगमरवराला वाचवायचे होते त्यालाच त्याने चिरले. १९७५ मध्ये ग्रीस सरकारने संवर्धनासाठी स्वतंत्र समिती नेमली. तेव्हापासून बालानोसचे लोखंड काढून तिथे टायटॅनियम बसवण्याचे काम चालू आहे. इतिहासातील वास्तू कधी कधी शत्रूच्या तोफेने भंगतात, तर कधी मित्राच्या दुरुस्तीने.

१८/
गंज दगड कसा फोडतो? लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले, की लोखंडाचे संयुग बनते, तोच गंज. तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो, दुपटीपासून सहापटीपर्यंत. मोकळ्या हवेत हा गंज पापुद्र्यासारखा गळून पडतो. भिंतीत मात्र त्याला जायला वाट नसते. मग तो सर्व बाजूंनी रेटतो. पाचर ठोकून दगड फोडण्याची वडारांची जुनी कला आपण जाणतो. गंज हीच पाचर आहे. फक्त तिच्यावर घण घालायला माणूस लागत नाही. पाऊस ते काम वर्षातून चार महिने करतो, आणि खाऱ्या हवेतले मीठ त्याला बळ देते.

१९/
आपल्याकडे लोखंडी फाटक घराघरांपर्यंत पोचले ते इंग्रजी अमदानीत. १८५६ च्या बेसेमर पद्धतीनंतर पोलाद स्वस्त होत गेले. रेल्वे आणि बंदरांमुळे लोखंड आतल्या गावांतही पोचले. मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे काम १८७८ मध्ये सुरू झाले. त्याच्या शोभिवंत कामात मुंबईच्या कलाशाळेचा, म्हणजे आजच्या सर ज. जी. कलाशाळेचा, सहभाग होता. दगडी खांबात खुंट रोवून त्यावर लोखंडी झडप टांगण्याची पद्धत याच काळात रुळली. म्हणजे उभा दरवाजा लटकता झाला. भार जमिनीवरून भिंतीवर आला. तरी खुंटाभोवती बऱ्याचदा शिसे होते, तोवर थोडीफार खैर होती.

२०/
शिशाच्या पकडीचा पुरावा लंडनच्या रस्त्यांवरही मिळतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये युद्धसामग्रीसाठी घरांपुढचे लोखंडी कठडे कापून नेले गेले. दगडात शिशाने बसवलेले गज उपटण्यापेक्षा कापणे सोपे. म्हणून गज गेले आणि बुंधे राहिले. आजही जुन्या वस्त्यांत बुटक्या दगडी भिंतींवर ओळीने लोखंडाचे ठिपके दिसतात. पण शिसे म्हणजे जादू नव्हे. शिसे आणि लोखंड यांच्या फटीत पाणी साचत राहिले, तर दोन धातूंमधल्या विद्युत्-रासायनिक क्रियेने लोखंडच आधी झिजते. शिवाय शिसे विषारी आहे. म्हणून आज ते सर्रास वापरावे, असे कोणी सुचवणार नाही.

२१/
मग सिमेंट आले. जोसेफ ॲस्पडिन या इंग्रज गवंड्याने १८२४ मध्ये पोर्टलँड सिमेंटचे एकस्व घेतले. भारतात १९०४ मध्ये मद्रासला पहिला प्रयत्न झाला, १९१४ मध्ये पोरबंदरच्या कारखान्यातून उत्पादन निघू लागले, आणि १९३६ मध्ये अनेक कंपन्या मिळून मुंबईत एसीसी स्थापन झाली. सिमेंट झटपट घट्ट होते, घाणी लागत नाही, शेगडी लागत नाही. ताज्या सिमेंटमध्ये अल्कधर्म भरपूर असतो. त्यामुळे लोखंडावर एक सूक्ष्म संरक्षक थर बसतो आणि गंज थांबतो. गवंड्याला वाटले, शिशाची आणि चुन्याची कटकट संपली.

२२/
पण ती सवलत कायमची नव्हती. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू सिमेंटमध्ये मुरतो आणि त्याचा अल्कधर्म उतरतो. खाडीवरचे मीठ त्याहून लवकर आत शिरते आणि तो संरक्षक थर फोडते. एकदा गंज सुरू झाला, की सिमेंटचा ताठरपणाच अंगाशी येतो : ते दबत नाही, रेटा थेट विटेला पोचवते. वरून खांबाचा माथा सपाट असेल आणि पोकळ लोखंडी खांब तोंडाशी उघडा असेल, तर पावसाचे पाणी आत उतरून तळाशी साचते. तुर्भ्याच्या त्या उभ्या भेगेचे कोडे इथे सुटते. तिला आरंभ भाराने दिला असेल. पण तिला रुंद केले गंजाने.

२३/
याच काळात एक छोटा शोध लागला. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची उपकरणे भिंतीला फार धक्का न लावता बसवायची होती. जॉन रॉलिंग्ज या कंत्राटदाराने १९११ च्या सुमारास त्यासाठी तंतूंची नळी बनवली. स्क्रू आत गेला, की नळी फुगून भोक घट्ट धरते. तोच रॉलप्लग. १९५८ मध्ये जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी त्याचे नायलॉनचे रूप आणले. आजचे धातूचे अँकर बोल्ट आणि रासायनिक अँकर याच विचाराचे थोरले भाऊ. मात्र फुगून धरणारा बोल्ट विटेच्या काठाजवळ ठोकला, तर तोही पाचरच ठरतो. अशा ठिकाणी भोकात चिकट रसायन भरून बसवलेला अँकर बरा. तो भिंतीला आतून फाकवत नाही.

२४/
या साऱ्या इतिहासातून तुर्भ्याच्या फाटकासाठी काय निघते?
एक : शक्य तिथे फाटकाचा खांब भिंतीत न घालता भिंतीजवळ, स्वतःच्या पायावर उभा करावा, भिंतीला फक्त टेकू द्यावा. हा कुसवाचाच धडा.
दोन : बिजागऱ्यांतले अंतर जितके जास्त, तितकी ओढ कमी. हा दिल्ली दरवाजाचा धडा.
तीन : पाणी साचू देऊ नये. खांबाला टोपी, माथ्याला उतार, बुंध्याला निचरा. हा लोहस्तंभाचा धडा.
चार : जे लोखंड भिंतीत जाणारच, ते जस्ताचा मुलामा दिलेले किंवा न गंजणारे असावे. जस्ताच्या मुलाम्याचे एकस्व फ्रान्समध्ये १८३७ मध्येच घेतले गेले होते. ही काही नवलाई नाही.
पाच : तांबूस ओघळ दिसला, की रंग मारून झाकू नये, फाटक चालवणे थांबवून आधी सांधा जाणकाराकडून तपासून घ्यावा.

२५/
आणि गडांसाठी? जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्ये म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतली जिंजी. गेल्या काही वर्षांत दुर्गप्रेमींनी अनेक गडांना सागवानी दरवाजे पुन्हा बसवले, ही आनंदाची गोष्ट. पण संरक्षित स्मारकाला हात लावण्यापूर्वी १९५८ च्या केंद्रीय किंवा १९६० च्या राज्य कायद्यानुसार पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. ती केवळ कागदी अडचण नाही. मूळ खळग्यात कुसू फिरवायचा, की दगडाला नवे भोक पाडून सिमेंटमध्ये लोखंड गाडायचे, हा निर्णय पार्थेनॉनवर एकदा चुकला आहे. तो निस्तरायला ग्रीसला पन्नास वर्षे लागत आहेत.

२६/
पुढच्या वेळी रायगडाचा महादरवाजा, लोहगडाचे दरवाजे किंवा गावातला एखादा पडका वाडा पाहाल, तेव्हा कमानीचा फोटो काढून झाल्यावर थोडे खाली वाका. उंबऱ्याच्या कोपऱ्यात दगडात घासून गुळगुळीत झालेला वाटोळा खळगा शोधा; मग मान वर करून त्याच्या बरोबर डोक्यावरचे दुसरे भोक शोधा; मग बाजूच्या भिंतीत अडसराची खोबण. लाकूड गेले, लोखंड गेले, तरी या तीन खुणांवरून दरवाजा किती रुंद होता, कोणत्या बाजूला उघडत होता आणि किती जाड अडसर लागत होता, हे सांगता येते. सापडलेल्या खुणांचे फोटो गडाच्या नावासह खाली जरूर टाका. आणि घरी परतताना आपल्या सोसायटीच्या फाटकाची वरची बिजागरीही एकदा पाहून घ्या.

(थ्रेड समाप्त)